छोटी मोटारसायकल: रोज कशी वापरायची आणि कुठे, कशी लावायची

छोटी मोटारसायकल घेणाऱ्याला सगळे आधी विचारतात ते ॲव्हरेजबद्दल. प्रश्न रास्त आहे. तरीही रोजच्या वापरात या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा तिच्या आकारात आहे. लांबी साधारण दोन मीटर, हँडलपाशी रुंदी पाऊण मीटर आणि वजन शंभर ते सव्वाशे किलो. गर्दीच्या ठिकाणी ती सहज मावते, अंगणात वळते, जिन्याखाली राहते आणि एकट्या माणसाला ढकलता येते.

हा फायदा बऱ्याचदा गाडी उभी करताना वाया जातो. 'मावतेय ना' एवढं बघून गाडी लावली जाते. मग शेजारच्याला आपली गाडी बाहेर काढता येत नाही, फूटपाथवरच्या माणसाला रस्त्यावर उतरावं लागतं, कुणाचं दार अर्धंच उघडतं. म्हणून मी एकच कसोटी मानतो: माझ्या गाडीला हात न लावता बाकी प्रत्येकाला आपलं काम करता आलं पाहिजे. या लेखात गाडी निवडण्यापासून ती महिनाभर उभी ठेवण्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या आहेत. सगळ्यात जास्त वेळ मी गाडी लावण्यावर घालवणार आहे, कारण त्याबद्दल नीट सांगणारं सहसा कुणी भेटत नाही.

आपल्या कामाला ही गाडी पुरेल का?

इथे छोटी म्हणजे साधारण 100 ते 125 सीसीची गाडी. तिची ताकद ढोबळमानाने आठ ते दहा हॉर्सपॉवर असते. ताशी 60-65 किलोमीटरपर्यंत ती आरामात चालते. त्याच्या वर चालते खरी, पण इंजिनावर ताण जाणवू लागतो आणि ओव्हरटेक करायला हाताशी फारसं काही उरत नाही. रोजचा रस्ता शहरातला किंवा गावाकडचा असेल, एका बाजूचं अंतर 25-30 किलोमीटरच्या आत असेल, तर ही गाडी उत्तम. रोज वेगवान महामार्गावर अवजड वाहनांच्या सोबतीने जायचं असेल, तर मी मोठी गाडी घ्यायला सांगेन. मागून येणारं वाहन आपल्यापेक्षा बरंच वेगात असणं हा रोज पत्करायचा धोका नव्हे.

चाकाचा आकार पाहा. होंडाची सुपर कब ही छोटी गाडी 1958 साली बाजारात आली तेव्हा तिला 17 इंची चाकं होती. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवर लहान चाकं खड्ड्यात अडकत, हे त्यामागचं साधं कारण. क्लच दाबायची गरज नव्हती, त्यामुळे डावा हात मोकळा राहायचा. 2017 पर्यंत या एका घराण्यातल्या गाड्यांचं उत्पादन 10 कोटींवर गेलं. रोजच्या वापराचा विचार करून बनवलेली छोटी गाडी किती लोकांच्या उपयोगी पडते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. आज 12 इंची चाकांच्या बुटक्या मोटारसायकलीही मिळतात. त्यांची सीट जमिनीपासून जेमतेम पाऊण मीटर उंच असते, कमी उंचीच्या माणसाला त्या सोयीच्या पडतात आणि त्या अगदी थोड्या जागेत वळतात. रस्ते गुळगुळीत असतील तर जरूर घ्या. खड्डे रोजचेच असतील तर 17 किंवा 18 इंची चाकं पाठीला आणि रिमला दोन्हींना बरी.

गाडी घेण्याआधी एक परीक्षा नक्की घ्या, ती शोरूमच्या दारातही होते. गाडी न्यूट्रलमध्ये टाका, खाली उतरा आणि हलक्या चढावर मागे ढकलून पाहा. मग एकट्याने डबल स्टँडवर चढवा. मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो, त्यामुळे रोजच्या वापरात जे जमत नाही ते बहुधा याच दोन गोष्टींमध्ये असतं. ज्यांना ही गाडी घरात चालवायची आहे त्या सगळ्यांनी ही परीक्षा द्यावी.

सामान आणि मागे बसणारा

प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत एकूण किती भार चालेल ते लिहिलेलं असतं. त्या आकड्यात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान असं सगळं धरलेलं असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दोन धडधाकट माणसं बसली की सामानासाठी फारसं काही शिल्लक राहत नाही.

वजन शक्य तितकं खाली आणि गाडीच्या मध्याजवळ ठेवा. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे जड पेटी लावली की पुढचं चाक हलकं होतं, हँडल डगमगल्यासारखं वाटतं आणि पुढचा ब्रेक लावताना टायरची पकड कमी पडते. मागच्या पेटीत किती किलो चालेल तेही वेगळं दिलेलं असतं. छोट्या गाड्यांमध्ये हा आकडा अगदी थोडा असतो. हँडलला पिशव्या अडकवू नका. वळताना त्या टाकीला अडतात आणि लोंबणारी पिशवी पुढच्या चाकात जाऊ शकते. इलॅस्टिकच्या दोऱ्या वापरत असाल तर सुटं टोक कुठेही लोंबत ठेवू नका, कारण चेन आणि मागचं चाक तिथून हातभर अंतरावर फिरत असतं.

भार वाढला की मागच्या टायरमध्ये पुस्तिकेत दिलेल्या जास्तीच्या आकड्याइतकी हवा भरा. गाडी थांबल्यावर मागच्याला आधी उतरू द्या. तोवर दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचा ब्रेक दाबलेला असू द्या. जड सामान लादलेली गाडी साइड स्टँडवर जास्त कलते, म्हणून सामान आधी काढा आणि मग निवांत स्टँड लावा.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. टायर तापले की दाब वाढलेला दिसतो आणि अंदाज चुकतो. छोट्या गाड्यांच्या पुढच्या टायरला साधारण 25 ते 29 पीएसआय आणि मागच्याला त्याहून थोडी जास्त हवा लागते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत पाहा. हवा कमी असेल तर गाडी जड वाटते आणि ॲव्हरेज पडतं. टायर कडेने झिजतो आणि ढकलताना घाम निघतो तो वेगळाच.

चेन खालच्या बाजूने मधोमध बोटाने वर-खाली करून पाहा. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये 20 ते 30 मिलिमीटर ढील योग्य मानतात. एकाच जागी मोजून थांबू नका. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. साधारण 500 किलोमीटरनंतर किंवा पावसात भिजल्यावर चेन पुसून तिला वंगण द्या. वंगण देताना इंजिन बंद ठेवा आणि चाक हाताने फिरवा. चालू चेनमध्ये बोट गेलं तर ते परत मिळत नाही.

या इंजिनात तेल जेमतेम लिटरभर असतं, त्यामुळे पावशेर तेल कमी झालं तरी फरक मोठा पडतो. गाडी सरळ उभी करून तेलाची पातळी पाहा. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत ती चुकीची दिसते. ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर आणि मागचा लाल दिवा यांवर एकदा नजर टाकली की झालं.

जागा निवडताना

नियम सगळीकडे सारखे नसतात. एखाद्या ठिकाणी फूटपाथवर दुचाकीसाठी चौकोन आखलेले असतात, तर दुसरीकडे फूटपाथवर चाक टेकवलं तरी दंड होतो. म्हणून पाटी आणि जमिनीवरच्या खुणा आधी पाहा. त्यापुढचं मात्र कुठेही सारखंच लागू पडतं.

फूटपाथ चालणाऱ्यांचा आहे. परवानगी असली तरी गाडी लावल्यावर किमान 90 सेंटिमीटर मोकळी वाट उरली पाहिजे. चाकाच्या खुर्चीला आणि बाळाच्या गाडीला एवढी लागतेच, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर तीही कमी पडते. मोजताना टायरपासून मोजू नका, हँडलच्या टोकापासून आणि आरशापासून मोजा. अंध माणसाची काठी जमिनीलगत फिरते, तिला चाक लागतं पण छातीच्या उंचीवर पुढे आलेलं हँडल कळत नाही.

फूटपाथवर उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा असतात. त्या जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये तयार केल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट उंचवटे चालत राहा असं सांगतात, तर गोल उंचवटे थांबा किंवा सावध व्हा असं सांगतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हाच रस्ता. त्यावर गाडीचं एक चाक आलं तरी तो रस्ता बंद झाला. फरशीच्या कडेलाही गाडी इतकी चिकटवू नका की हँडल त्यावर येईल.

दिव्यांगांच्या पार्किंगशेजारी तिरप्या पट्ट्यांचा रिकामा भाग असतो. मीटर-सव्वा मीटर रुंद, कुणीच वापरत नाही असा दिसणारा. छोट्या गाडीवाल्याला तिथे लावायचा मोह होतोच, आणि तिथे गाडी लावणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं. तो भाग चाकाच्या खुर्चीवरून गाडीत चढण्या-उतरण्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. माणूस खरेदी करून परत येतो आणि मधे मोटारसायकल उभी असते. आता त्याला आपल्याच गाडीत शिरता येत नाही. तिथे पाच मिनिटंसुद्धा लावू नका.

झेब्रा क्रॉसिंगच्या टोकाशी आणि वळणाच्या कोपऱ्यावर गाडी लावल्याने वाट अडत नाही असं वाटतं. तिथे अडते ती नजर. मोटारसायकलमागे उभं असलेलं मूल येणाऱ्या चालकाला दिसत नाही, आणि मुलाला तो चालक दिसत नाही. चार-पाच मीटर सोडून लावा. आगीच्या बंबासाठीचा पाण्याचा नळ, आपत्कालीन दार, जिन्याचं तोंड, उताराची फरशी, विजेचं कपाट, फाटक, ही ठिकाणं सांगायची गरज पडू नये.

मोटारींच्या जागेत लावायची परवानगी असेल तर एकट्या छोट्या गाडीने सगळा चौकोन अडवणं बरं दिसत नाही. पाच मीटर लांबीच्या जागेत पाच मोटारसायकली आडव्या, सुटसुटीत मावतात. सोबतचे मित्र असतील तर एकाच चौकोनात लावा. एकटेच असाल तर खांबाशेजारचा किंवा कोपऱ्यातला, मोटारीला निरुपयोगी असा तिरपा तुकडा आधी शोधा. पूर्ण चौकोनच वापरावा लागला, तर गाडी आत खोलवर दडवू नका. जागा रिकामी समजून आत शिरणाऱ्या मोटारवाल्याला ती शेवटच्या क्षणी दिसते. तोंडापाशी, दिसेल अशी उभी करा. दोन मोटारींच्या मधल्या फटीत तर घुसूच नका. मागे घेतल्या जाणाऱ्या मोटारीच्या आरशात एवढीशी गाडी दिसत नाही आणि डिकी उघडायलाही जागा राहत नाही.

स्टँड आणि उतार

उभ्या गाड्या पडतात त्या बहुतेक वेळा उताराचा अंदाज चुकल्यामुळे. साइड स्टँड कसा काम करतो हे एकदा समजलं की पुढे पाठ करण्यासारखं काही उरत नाही.

साइड स्टँडचा पाय उघडल्यावर पुढच्या बाजूला येऊन अडतो आणि बंद होताना मागे जातो. म्हणून गाडी पुढे सरकली तर स्टँड आपोआप मिटतो आणि गाडी कोसळते. गाडी मागे सरकली तर स्टँड आणखी घट्ट अडतो. यातून पहिला नियम निघतो: उतारावर गाडीचं तोंड नेहमी चढाकडे. दुसरा नियम, पहिल्या गिअरमध्ये ठेवा. इंजिन बंद असताना गिअर टाकला की मागचं चाक इंजिनाच्या दाबाने अडून राहतं. गिअर टाकून गाडी हलकेच मागे सोडा. चाक अडल्याचं हाताला जाणवलं की मग स्टँडवर भार द्या.

आता आडवा उतार. साइड स्टँड जवळजवळ सगळ्या मोटारसायकलींना डाव्या बाजूला असतो. डावी बाजू उंच असेल तर गाडी स्टँडवर पुरेशी कलत नाही, उभी राहते, आणि वाऱ्याच्या झोताने किंवा कुणाचा खांदा लागून उजवीकडे पडते. डावी बाजू खोल असेल तर ती इतकी कलते की स्टँडवर सगळं वजन येतं आणि उचलताना दम लागतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता बांधतात. त्यामुळे डाव्या कडेला समांतर लावलेली गाडी जरा जास्त कलते आणि उजव्या कडेला लावलेली कमी. उजवीकडे लावताना जास्त सावध राहा, असा माझा आग्रह आहे.

यावर उपाय म्हणजे गाडी समांतर न लावता मागचं चाक फूटपाथच्या कडेकडे करून आडवी लावणं. रस्ता कडेकडे उतरत असल्यामुळे तोंड आपोआप चढाकडे येतं. मागचं चाक कडेला टेकलं की गाडी मागेही जात नाही. निघताना समोरची वाहतूक दिसते आणि इंजिनाच्या जोरावर सरळ बाहेर पडता येतं. याउलट तोंड कडेला खुपसून लावलेली गाडी निघताना चढावर मागे ओढावी लागते, तीही रस्त्याकडे पाठ करून. नवशिक्यांना यासाठी इतरांची मदत मागावी लागते आणि मग त्यांना गाडीच नकोशी होते. रस्ता अरुंद असेल तर काटकोनात लावू नका. थोडी तिरपी लावा, पुढचं चाक वाहतुकीत येता कामा नये.

डबल स्टँड सपाट, कडक जमिनीसाठी. गाडी सरळ उभी राहते, कमी रुंदी घेते, तेल बघणं आणि चेन साफ करणं सोपं होतं. पण तोंड उताराकडे असेल तर एका धक्क्यात ती स्टँडवरून पुढे उतरते.

जमीन कशी आहे ते बुटाने दाबून पाहा. उन्हात तापलेलं डांबर मऊ होतं आणि स्टँडचं टोक त्यात हळूहळू रुततं. लावताना गाडी ठीक वाटते, तासाभरात आडवी झालेली असते. मातीवर आणि गवतावर पावसानंतर हेच होतं. हातभर जागा न घेणारा एक चपटा पत्रा किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा सीटखाली ठेवा आणि स्टँडखाली टाका. परत जाताना तो उचलून घ्या.

उतरण्याचा क्रम रोज एकच ठेवला तर हात आपोआप चालतात:

1. गाडी थांबवा, पुढचा ब्रेक दाबून ठेवा, उतार बघा.
2. इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका.
3. गाडीवर बसूनच साइड स्टँड पुढे पूर्ण जाईपर्यंत पायाने ढकला आणि तो अडला आहे हे पायाला जाणवू द्या.
4. हँडल डावीकडे वळवा, गाडी सावकाश स्टँडवर सोडा, मग उतरा.
5. हँडल लॉक करा, किल्ली काढा.
6. दोन पावलं मागे जा आणि चालणाऱ्याच्या, शेजारच्या गाडीवाल्याच्या नजरेने एकदा बघा.

बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये साइड स्टँड लावलेला असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. ही सोय चांगली आहे, पण निघताना स्टँड वर केला का हे पायाने पाहण्याची सवय सोडू नका. जुन्या गाडीत स्टँड खाली राहिला तर डाव्या वळणावर तो जमिनीला टेकतो आणि गाडी उधळते.

रांगेत लावताना

रांग ज्या दिशेने आणि ज्या तिरकेपणाने लागली आहे, तशीच आपली गाडी लावा. एकच गाडी उलट्या तोंडाने घुसवली की दोन हँडलं एकमेकांत अडकतात. सगळ्या गाड्यांना स्टँडचा आधार फक्त डावीकडून असतो, त्यामुळे एक उजवीकडे पडली की उजवीकडच्या ओळीने पडतात, मांडलेले पत्ते पडावेत तशा. म्हणूनच दोन हँडलांच्या टोकांमध्ये किमान वितीचं अंतर हवं. स्टँडच्या बाजूला त्याहून जास्त सोडा, कारण चालवणारा डावीकडूनच चढतो-उतरतो आणि गाडी सरळ करायलाही जागा लागते. एका गाडीमागे साधारण एक मीटर धरला तर सगळ्यांचं सुखाने होतं.

सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो. आत्ताच लावलेल्या गाडीचा सायलेन्सर कातडी भाजेल इतका तापलेला असतो आणि उजवीकडच्या शेजाऱ्याला नेमकं तिथूनच आपल्या गाडीवर चढायचं असतं. लहान मुलं जिथून धावतात तिथे ती बाजू भिंतीकडे करता आली तर करा.

रांगेच्या मागे दुसरी रांग लावू नका. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून आडवी लावलेली आणि वर हँडल लॉक केलेली गाडी म्हणजे आतल्या सगळ्यांना कोंडणं. अगदीच इलाज नसेल तर गाडी दिसेल इतक्या अंतरावरच थांबा आणि कुणी आलं की स्वतः जाऊन काढा. आतला माणूस औषध आणायला निघालेला असू शकतो.

रांगेत फट दिसली तर ती कुणीतरी निघण्यासाठी सोडलेली आहे का, हेही बघा. दोन गाड्यांमधल्या हातभर जागेत तिसरी गाडी खुपसता येते, पण मग त्या तिन्ही गाड्या निघताना एकमेकींना घासतात. थोडं पुढे जाऊन लावा. पन्नास पावलं चालावं लागेल एवढंच.

दुसऱ्याची गाडी हलवावी लागली तर

शक्यतो हलवू नका. मालकाला शोधा, आजूबाजूला विचारा, सुरक्षारक्षक असेल तर त्याला सांगा. हे सगळं करूनही मार्ग नसेल तर सोबत आणखी एक माणूस घ्या.

आधी गाडी गिअरमध्ये आहे का, हँडल लॉक आहे का आणि चाकाला साखळी किंवा डिस्क लॉक (ब्रेकच्या चकतीला लावायचं कुलूप) आहे का ते पाहा. लॉक असलेलं चाक जबरदस्तीने ओढलं तर ब्रेकचे भाग मोडतात. मागची बाजू सरकवायची असेल तर सीटमागचा पकडायचा दांडा किंवा कॅरिअर धरा. एकाने हँडल सांभाळावं आणि दुसऱ्याने मागचं चाक थोडं उचलून सरकवावं. आरसा, इंडिकेटर, मडगार्ड आणि सायलेन्सर यांना धरून उचलू नका. पहिल्या तिघांचं प्लॅस्टिक तुटतं आणि चौथ्याने हात भाजतो. सरकवल्यावर गाडी साइड स्टँडवर नीट कलली आहे, स्टँड पूर्ण उघडा आहे आणि ती आधीइतकीच सुरक्षित जागी आहे हे बघितल्याशिवाय निघू नका. काम झालं की जमल्यास ती परत होती तिथे ठेवा. काही ओरखडा पडला असेल तर चिठ्ठीवर आपला नंबर लिहून सीटवर अडकवा.

इतरांच्या गाडीवर बसणं, तिच्या सीटवर पिशवी टेकवणं, हेल्मेट ठेवणं हेसुद्धा टाळा. साइड स्टँडवरची गाडी उजवीकडून आलेला भार सोसते, पण डावीकडून धक्का लागला की लगेच उलटते.

कुलूप

छोट्या गाडीचं हलकेपण चोरालाही सोयीचं असतं. दोन माणसं ती उचलून टेम्पोत टाकू शकतात. हँडल लॉक फक्त ढकलत नेणं थांबवतो, उचलून नेणं थांबवत नाही. म्हणून रात्रभर किंवा लांब मुक्कामी ठेवायची असेल तर गाडी जमिनीत रोवलेल्या भक्कम खांबाला साखळीने बांधा. साखळी चाकातून न्यायची असेल तर मागच्या चाकातून न्या, शक्य असल्यास सांगाड्यातूनही. ती जमिनीवर लोळू देऊ नका, कारण जमिनीचा आधार मिळाला की हातोड्याचा घाव पूर्ण बसतो. ताणून, जमिनीपासून वर ठेवा.

बांधताना जिन्याचा कठडा, उतारावरचा हातधरणीचा नळ आणि वाहतुकीच्या खुणेचा खांब वापरू नका. कठडा कुणाच्या तरी हाताचा आधार असतो. साखळी शेजारच्या गाडीच्या चाकातून गेलेली नाही हेही वाकून पाहा. घाईत असं सहज होतं.

डिस्क लॉक वापरत असाल तर त्याची रंगीत आठवणदोरी हँडलपर्यंत आणून लावा. लॉक विसरून गाडी पुढे घेतली तर फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे), ब्रेक आणि गुडघा तिघांनाही फटका बसतो.

आवाज, धूर आणि शेजार

पहाटे निघायचं असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत फाटकाबाहेर न्या आणि तिथे चालू करा. सव्वाशे किलोच्या गाडीला हे जमतं, मोठ्या गाड्यांना नाही. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडणाऱ्या, इंजिनाला पाच-दहा मिनिटं उभं ठेवून तापवायची गरज नसते. अर्धा मिनिट चालू ठेवा आणि पहिले एक-दोन किलोमीटर सौम्यपणे चालवा. कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या जुन्या धाटणीच्या, गाडीला थंडीत चोक लागतो, तिला थोडा जास्त वेळ द्या. मूळ सायलेन्सर काढून आवाजाचा बसवणं हे शेजाऱ्यांवर अन्याय करणं आहे, आणि छोट्या इंजिनाला त्याने फारसं काही मिळत नाही.

बंद खोलीत, तळघरात किंवा दार लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो. माणूस गुंगून पडतो तेव्हाच कळतं. पेट्रोलचा वास घरात येत असेल तर पाइप आणि टाकीचं झाकण लगेच तपासा. कार्बोरेटरच्या गाडीत लावताना पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय चांगली.

गाडीवर कव्हर घालायचं असेल तर सायलेन्सर निवेपर्यंत थांबा. तापलेल्या सायलेन्सरला चिकटून वितळलेलं प्लॅस्टिक नंतर निघत नाही. वारा असेल तर कव्हर खालून बांधा, नाहीतर ते शिडासारखं फुगतं आणि गाडी स्टँडवरून ओढली जाते.

महिनाभर उभी ठेवायची असेल तर

सामाईक जागेत गाडी ठेवून गावाला जाणार असाल तर ती सगळ्यात आतल्या, रोज कुणाला न लागणाऱ्या जागी न्या. तुमच्याशिवाय ती हलवता येणारा एक विश्वासू माणूस ठेवा आणि किल्ली त्याच्याकडे द्या. रंगकाम, नळदुरुस्ती, पावसाचं पाणी शिरणं अशा वेळी लोकांना ती हलवावी लागते, आणि लॉक केलेली गाडी चार माणसं कशीही ओढून हलवतात.

टायरमध्ये हवा नेहमीइतकी भरा आणि जमल्यास डबल स्टँडवर ठेवा. बॅटरी काढणार असाल तर आधी ऋण तार सोडा. 12 व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विसावल्यावर साधारण 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते, 12.4 च्या खाली गेली असेल तर ठेवण्याआधी चार्ज करा. कार्बोरेटर असेल तर कॉक बंद करून त्यातलं पेट्रोल काढून टाका, नाहीतर ते सुकून चिकटा धरतं आणि बारीक छिद्रं बुजतात. धातूची टाकी असेल तर ती भरून ठेवा, आतून गंजायला मोकळी जागा कमी उरते. चेनला वंगण द्या. परत आल्यावर हवा, ब्रेक आणि चेन तपासूनच बाहेर काढा, आणि पहिल्या शंभर मीटरमध्ये दोन्ही ब्रेक हलके दाबून पाहा.